क्रुसेडर किंग्ज ३ : सेल्जुक घेतले आणि मुद्दाम उलट्या दिशेला निघालो

क्रुसेडर किंग्ज ३ या गेममध्ये १०६६ ची सुरुवात निवडायची, इराणवर पसरलेला तो भलामोठा सेल्जुक (मध्य आशियातून आलेलं तुर्क घराणं) पट्टा क्लिक करायचा, सुलतान अल्प अर्सलान घ्यायचा आणि मग सगळे करतात तेच करायचं, म्हणजे पश्चिमेला बायझंटाईनवर, कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक साम्राज्यावर तुटून पडायचं. इतिहासात तेच झालं आणि नकाशा समोर आला की बोट पण आपोआप तिकडेच जातं. मी म्हटलं नको. तिकडे गेल्यावर काय होतं ते माहितीये, १०७१ ला मांझिकर्टची लढाई, सम्राट रोमानोस कैदेत, मग अनातोलिया, म्हणजे आजचा तुर्कस्तान, हळूहळू तुर्कांची आणि पुढे ते सगळं रामायण थेट ऑटोमनांपर्यंत. मला बघायचं होतं की हेच लोक पूर्वेला आले असते तर काय, गझनी, काबूल, लाहोर आणि जमलंच तर खाली आपल्याकडे. असले 'समजा असं झालं असतं तर' प्रश्न चघळायलाच हा गेम बनवलाय, त्यामुळे रिव्ह्यू पण त्याच अंगाने लिहितोय, ग्राफिक्स वगैरे दोन ओळीत उरकीन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसांच्या बाबतीत हा गेम जबरदस्त आहे, जमिनीच्या बाबतीत कच्चा आहे. आणि सेल्जुकांना पूर्वेला नेलं की हे दोन्ही जेवढं लख्ख दिसतं तेवढं दुसऱ्या कुठल्याच राज्यात मला दिसलं नाही.

ज्यांना गेम माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वीडनच्या पॅरॅडॉक्सचा गेम, पीसीवर सप्टेंबर २०२० मध्ये आला, कन्सोलवर २०२२ मध्ये. इथे तुम्ही देश खेळत नाही, घराणं खेळता. सुलतान मेला की त्याचा वारस म्हणजे तुम्ही, मग तो हुशार निघो, आजारी निघो नाहीतर आठ वर्षांचं पोर निघो. प्रत्येक माणसाला स्वभाव दिलेत, कोणी दयाळू, कोणी कपटी, कोणी भित्रा, आणि स्वभावाविरुद्ध वागायला लावलं की त्याला स्ट्रेस चढतो, दयाळू सुलतानाकडून कैद्यांची मुंडकी उडवून घेतलीत तर तो पुढे दारूला लागतो किंवा अजून काही भलतंच करून बसतो. लढाई हाताने खेळायची नसते, सैन्य पाठवायचं आणि आकडे बघत बसायचं, त्यामुळे ज्यांना तलवारीचा खणखणाट हवाय त्यांनी दुसरं काहीतरी घ्या. इथला सगळा थरार लग्नात, बारशात आणि मयतात आहे. १४५३ पर्यंत खेळता येतं, तोवर घराण्यात वारस उरला पाहिजे एवढीच अट.

आता सेल्जुक पूर्वेला हे काही उगाच हवेत काढलेलं पिल्लू नाही. मुळात या लोकांची आणि हिंदुस्थानची गाठ फार आधी पडलेली आहे. सेल्जुक हे ओघुझ तुर्कांमधल्या किनिक टोळीचं घराणं, सीर दर्याच्या काठी जंद नावाच्या गावाकडून वर आलेलं. मूळपुरुष सेल्जुकचा मुलगा अर्सलान इस्राईल, याला १०२५ च्या सुमारास महमूद गझनवीने पकडला आणि हिंदुस्थानातल्या कालंजर नावाच्या किल्ल्यात डांबला, तिथेच तो मेला. म्हणजे हिंदुस्थानात राहिलेला पहिला सेल्जुक हा कैदी होता! आणि गंमत बघा, याच अर्सलानचा मुलगा कुतल्मिश, आणि कुतल्मिशच्या मुलाने, सुलेमानने पुढे अनातोलियात रूमची सल्तनत उभी केली. जे घराणं पश्चिमेच्या टोकाला गेलं त्याचा आजोबा पूर्वेच्या तुरुंगात संपला होता.

मग महमूदचा मुलगा मसूद. याच्याबद्दल वाचताना डोक्याला हात लावावासा वाटतो. खुरासानात, म्हणजे इराणच्या ईशान्येला, सेल्जुक मुसंडी मारतायत, सरदार ओरडून सांगतायत की आधी तिकडे बघा, आणि हा १०३७-३८ च्या हिवाळ्यात सैन्य घेऊन येतो कुठे तर हांसीला, आजच्या हरियाणात, का तर म्हणे नवस केला होता. हांसीचा किल्ला घेतला खरा, पण तोवर तिकडे निशापूर हातातून गेलं. मग १०४० च्या मे महिन्यात आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्वजवळ दंदानकानला गाठ पडली. गझनवींकडे हत्ती, मोठं सैन्य, सगळा लवाजमा, आणि प्यायला पाणी नाही. सेल्जुकांनी वाटेतल्या विहिरी निकामी करून ठेवलेल्या, तहानेने कासावीस झालेलं सैन्य पाण्यावरून आपसातच भांडायला लागलं आणि मोडलं. मसूद गझनीला पळाला, खजिना गोळा केला आणि लाहोरकडे निघाला, सिंधूपाशी त्याच्याच शिपायांनी तो खजिना लुटला, त्याला गादीवरून खाली ओढला आणि १०४१ मध्ये तो मारला गेला.

म्हणजे त्या घडीला पूर्वेचं दार सताड उघडं होतं. हरलेला सुलतान मेलाय, त्याचे भाऊ आणि पोरं भांडतायत, पलीकडे पंजाब आहे. तरी सेल्जुक आले नाहीत. तुघ्रिल आणि चघ्री या दोन भावांनी वाटणी केली, तुघ्रिल पश्चिमेला गेला, आजच्या तेहरानजवळचं रय घेतलं, इस्फहान घेतलं आणि १०५५ मध्ये बगदादेत घुसला. चघ्री मर्व-बल्खकडे राहिला, त्याने गझनीवाल्यांशी बरीच वर्षं झटापटी केल्या आणि शेवटी १०५९ च्या सुमारास नवा सुलतान इब्राहिमशी तह झाला, साधारण हिंदुकुश ही हद्द ठरली. पुढे दोन्ही घराण्यांत सोयरीक पण झाली. गेम १०६६ ला सुरू होतो तेव्हा हाच इब्राहिम गझनीत बसलाय आणि चघ्रीचा मुलगा अल्प अर्सलान तुमच्या हातात आहे. तह नुकताच झालाय, शाई ओली आहे म्हणा ना.

आणि हो, एकदा ते खरंच गेले होते. १११७ मध्ये संजरने, म्हणजे अल्प अर्सलानच्या नातवाने, गझनी घेतली. समोर हत्ती उभे होते तरी जिंकला. पण केलं काय, तर बहरामशाह नावाच्या गझनवीलाच गादीवर बसवला, खंडणी ठरवली, खजिना उचलला आणि परत फिरला. खैबरच्या खाली उतरायची त्याला इच्छाच झाली नाही. माझ्या डोक्यात अख्खा गेमभर हाच प्रश्न होता की का नाही झाली.

बरं आता गेम. सुरुवातीला वाटलं गझनी म्हणजे आठवड्याभराचं काम, सैन्य तर आपलं दुपटीने मोठं दिसतंय. पण गझनवीही सुन्नी आणि आपणही सुन्नी, त्यामुळे धर्मयुद्धाचा शॉर्टकट बंद, दरबारातल्या धर्मगुरूला कामाला लावून एकेका जिल्ह्यावर खोटे दावे तयार करायचे, त्यात वर्षं जातात, आणि मधल्या काळात पश्चिमेला आर्मेनियाच्या बाजूचे सरदार कुरबुर करत बसतात. इथे गेमने पहिल्यांदा माझी विकेट काढली. मी पूर्वेकडे तोंड करून बसलोय आणि माझा भाऊ कावुर्त, केरमानचा मालक, माझ्यावर नाराज. का, तर त्याला अजून पाहिजे. खऱ्या इतिहासातही हा कावुर्त असाच होता, अल्प अर्सलान मेल्यावर पुतण्याविरुद्ध, मलिकशाहविरुद्ध उठला, १०७३ मध्ये हरला आणि त्याचा गळा आवळला गेला. गेमला हे माहीत आहे असं नाही, त्यात लिहिलेलं स्क्रिप्ट नाही, पण ज्या पद्धतीने जमीन, हक्क, नाराजी आणि महत्त्वाकांक्षा एकमेकांत गुंतवलीये त्यातून असलाच माणूस आपोआप तयार होतो. मला ही गोष्ट फार म्हणजे फार आवडली.

कारण मराठी माणसाला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही. बांधावरून कोर्टात जाणारे चुलतभाऊ ज्याने पाहिलेत त्याला हा गेम पहिल्या तासात कळतो. वारसाहक्काचा नियम सुरुवातीला वाटणीचाच असतो, म्हणजे बाप मेला की राज्य मुलांमध्ये वाटलं जातं, थोरल्याला मोठा वाटा पण सगळं नाही. अल्प अर्सलानला तर पोरांची काय कमी, मलिकशाह, तुतुश, तेकिश, अर्सलान अर्घून अशी लाईनच आहे. आता काय कराल? एकतर भावांना मारा (स्ट्रेस, बदनामी, घराण्यातले सगळे पिसाळतात), नाहीतर त्यांना लांब कुठेतरी जमीन देऊन गप्प बसवा. आणि लांब जमीन हवी तर आधी जिंकायला हवी. इथे मला अचानक उजेड पडला की साम्राज्याची दिशा सुलतान नकाशा बघून ठरवतच नाही, नकोसा भाऊ ठेवायला जागा कुठे आहे यावर ती बरीचशी ठरते. खऱ्या सेल्जुकांनीही तेच केलं, कुतल्मिशने बंड केलं, १०६४ मध्ये मेला, त्याची पोरं मग इस्फहानपासून लांब, बायझंटाईनच्या हद्दीत जाऊन पडली आणि तिथे त्यांनी स्वतःचं राज्य केलं. पश्चिमेकडचा विस्तार हा अर्धा विजय आणि अर्धा घरातली कटकट बाहेर घालवणं होता.

माझ्या गेममध्ये ती कटकट लाहोरला गेली. गझनी मिळाली, काबूल मिळालं, इब्राहिम म्हाताऱ्याचा मुलगा लाहोरमध्ये उरला होता त्याला पण घालवला, आणि अल्प अर्सलान लढाईत नाही तर आजारपणात गेला. (खरा अल्प अर्सलान १०७२ मध्ये आमू दर्याच्या काठी एका पकडून आणलेल्या किल्लेदाराच्या सुऱ्याने गेला, ते तर गेममधल्यापेक्षा जास्त गेमसारखं आहे.) मलिकशाह आला, तुतुशला मी पंजाब दिला. खऱ्या इतिहासात हा तुतुश सीरियाचा मालक, दमास्कसचा, आणि माझ्याकडे तो रावीच्या काठावर बसून मुलतानवर डोळा ठेवून आहे! त्याची बायको ओघुझ, मग दुसरी बायको तिथल्याच एका राजाची मुलगी, पोरं झाली ती पंजाबी वळणाची, मामाकडचे हक्क घेऊन आलेली. दोन पिढ्यांत लाहोरची शाखा आणि इस्फहानची शाखा एकमेकांच्या उरावर. हे सगळं कोणी लिहून ठेवलेलं नाही, गेम खेळता खेळता घडत जातं आणि रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. एवढ्या भागासाठी मी पूर्ण मार्क देतो, घासाघीस नाही.

आता कच्चं काय ते. पूर्वेला जाणं या गेममध्ये फार सोपं आहे, आणि नेमकं तिथेच मला खटकलं.

सेल्जुक म्हणजे नुसता सुलतान आणि त्याचं सैन्य नव्हतं, त्यांच्यामागे तुर्कमान टोळ्या होत्या, बायकापोरं, तंबू, हजारो मेंढ्या, घोडे, ते दोन मदारींचे उंट. त्यांना लागतं गवत. उन्हाळ्यात थंड डोंगर, हिवाळ्यात जरा उबदार सपाट कुरण, जसं कॅस्पियनच्या कडेला मुघान आहे. आझरबैजान आणि अनातोलियाचं पठार या लोकांसाठी आंदण दिल्यासारखं होतं, उंचावर, कोरडं, थंड, गवताळ. शिवाय या टोळ्या इराणात राहिल्या की शेतं तुडवायच्या, गावं लुटायच्या, कर बुडायचा, म्हणून सुलतानालाही त्या सरहद्दीवर हव्या असायच्या. मांझिकर्टच्या आधीपासून त्या स्वतःच्या मनाने अनातोलियात शिरत होत्या, कोणाच्या हुकमाची वाट न बघता. आता याच लोकांना म्हणा की चला मुलतानला, जून महिन्यात, मेंढ्या घेऊन. कोण येईल? मेंढीच्या अंगावर एवढी लोकर आणि वर पंजाबचं ऊन, मग त्यामागून पाऊस, चिखल, रोगराई.

गेममध्ये यातलं काही जाणवत नाही. माझे घोडेस्वार तिरंदाज जुलैमध्ये सतलज ओलांडून गेले आणि मला कुठे काही अडलेलं दिसलं नाही. हिवाळा आहे बरं का गेममध्ये, बर्फ पडतं, सैन्याची उपासमार होते, रशियाकडे डिसेंबरात गेलात तर वाट लागते. पण आपला पावसाळा, ज्याच्यामुळे इथे शेकडो वर्षं मोहिमा दसऱ्याला निघायच्या, त्याचा माझ्या मोहिमांवर काही परिणाम झाला नाही. जंगलात आणि डोंगरात घोडदळाची ताकद कमी होते तेवढं आहे, ते चांगलंय, पण तेवढंच.

दुसरं घोडे. इथल्या हवेत चांगली पैदास होत नाही म्हणून दख्खनचे राजे दरवर्षी समुद्रावरून अरबी घोडे आणवायचे, ठाणे-चौल-सोपारा ही बंदरं याच व्यापारावर मोठी झाली असं नाही म्हणत मी, पण घोडा हा त्यातला मोठा माल होता. गेममध्ये घोडेस्वारांची तुकडी लढाईत अर्धी झाली तरी खजिन्यात सोनं असलं की ती परत भरत जाते, मग तुम्ही समरकंदला असा नाहीतर नर्मदेच्या काठी. हे एकच जर नीट केलं असतं ना, की स्टेपपासून (मध्य आशियातला गवताळ पट्टा) जितकं लांब तितकं घोडदळ भरायला महाग, तर संजर गझनीतून परत का फिरला ते खेळणाऱ्याला आपोआप कळलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लोक. गेममध्ये कारभाऱ्याला कामाला लावायचं की अमुक जिल्ह्यात आमची संस्कृती पसरव, एक पट्टी भरत जाते, काही वर्षांनी लाहोर ओघुझ झालं. कोण आलं, कुठून आलं, मेंढ्या कुठे चरतात, काही नाही. खरं बघायला गेलं तर तुर्क पुढे हिंदुस्थानात आलेच की. घुरी मुहम्मदने ११८६ मध्ये लाहोर घेतलं, ११९२ ला तराईन जिंकली आणि त्याचे तुर्क गुलाम दिल्लीचे सुलतान झाले. पण ते आले शिपाई म्हणून, विकत घेतलेले, पगारावरचे, जहागिरीवरचे. अख्खी टोळी तंबूसकट आली नाही. म्हणून दिल्लीवर तुर्कांनी राज्य केलं तरी दिल्ली तुर्की बोलायला लागली नाही, आणि अनातोलिया मात्र लागली. माझ्या दृष्टीने 'सेल्जुक पूर्वेला गेले असते तर' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, ते आले असते तर दुसरा तुर्कस्तान तयार झालाच नसता, फार तर दिल्ली सल्तनतीसारखं काहीतरी शे-सव्वाशे वर्षं आधी झालं असतं. आणि हा फरक दाखवायची सोय गेममध्ये नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू, सोय खरं तर त्यांच्याकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये स्टेपवरचं एक्सपान्शन (वेगळं विकत घ्यायचा जोडभाग) आलं, त्यात भटक्या राज्यांना गुरांचे कळप हीच संपत्ती आहे, ऋतू आहेत, कुरणं सोडून दुसरीकडे जाणं आहे, मस्तच बनवलंय. पण १०६६ चे सेल्जुक हे भटक्यांमध्ये धरलेच नाहीत, त्यांचं राज्य कुळांच्या पद्धतीचं, म्हणजे गादीवर बसले की त्यांच्या मेंढ्या नकाशावरून गायब. सुलतान इस्फहानमध्ये फारसी शायरी ऐकतोय हे बरोबर, पण त्याचे चुलते अजून तंबूतच होते ना.

पश्चिमेकडे काय झालं ते पण सांगतो. मी बायझंटाईनकडे ढुंकूनही बघितलं नाही, त्यामुळे मांझिकर्ट नाही, सम्राट कैद नाही, अनातोलिया शाबूत. इतिहासात १०९५ मध्ये सम्राट अलेक्सिओसने पोपकडे मदत मागितली ती तुर्कांनी अनातोलिया गिळली म्हणून, आणि त्यातून पहिलं क्रुसेड, ख्रिश्चनांचं धर्मयुद्ध, उभं राहिलं. इथे तुर्क लाहोरात आहेत, ग्रीक सुखात आहेत, तरी पोपने वेळ झाली म्हणून क्रुसेड पुकारलंच! कोणासाठी, कशासाठी? यरुशलेम मुसलमानांकडे आहे एवढं कारण गेमला पुरतं. आणि मी गेलो नाही म्हणून एकही तुर्कमान टोळी स्वतःहून तिकडे सरकली नाही, सुलतान बसला की सगळे बसले. गंमत अशी की माझा शेवटचा मलिकशाह (तिसरा की चौथा, नावं तीच तीच येतात) पूर्वेला इतका अडकला की इराक हातातून गेला आणि बगदाद कुठल्यातरी अरब अमिराकडे गेलं, खलिफा तिकडे, आम्ही इकडे. ते मात्र मला पटलं. तुघ्रिल पश्चिमेला गेला त्याचं एक मोठं कारण बगदाद होतं, खलिफाच्या हातून सुलतान म्हणवून घेणं. लाहोरमध्ये बसून कितीही हत्ती बाळगलेत तरी ती इज्जत मिळत नाही.

आता आपल्याकडचं. १०६६ ला दख्खनवर कल्याणीचे चालुक्य आहेत, सोमेश्वर पहिला, चोळांशी कायमची मारामारी चालू. उत्तर कोकणात शिलाहार. अंबरनाथचं शिवमंदिर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगतो, त्यातला शिलालेख शके ९८२ चा म्हणजे १०६० चा आहे, गेम सुरू होतो तेव्हा ते देऊळ कोरं करकरीत आहे. नकाशावर मराठी ही वेगळी संस्कृती दाखवलीये, महाराष्ट्र हे वेगळं राज्य म्हणून आखलंय, बघून जरा छाती फुगते. पण क्लिक केल्यावर आत फारसं काही नाही. इबेरियावर एक्सपान्शन आलं, नॉर्सवर आलं, इराणवर, बायझंटाईनवर, स्टेपवर आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर चीन-जपानपर्यंत नकाशा वाढला, भारतावर असं वेगळं काही मी हे लिहीपर्यंत तरी पाहिलेलं नाही. सोमेश्वर चालुक्य खेळलं तरी तो वागतो बराचसा जर्मनीतल्या एखाद्या ड्यूकसारखा, फक्त कपडे वेगळे. ज्या माणसाने आजाराला कंटाळून १०६८ मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली आणि ज्याच्या मुलांमध्ये गादीवरून नंतर जे काही झालं त्याच्यावर किती भारी इव्हेंट लिहिता आले असते.

माझे सेल्जुक माळव्यापर्यंत आले. धार घेतलं, भोजराजाचं धार. नर्मदा समोर होती, सैन्य होतं, धर्मयुद्धाला लागणारं पुण्य पण साठलं होतं (यात पुण्याचा पण हिशोब असतो, सोन्यासारखा). एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला आता देवगिरीकडे घे, मी म्हटलं अरे देवगिरी अजून व्हायची आहे, यादव सध्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून सिन्नरच्या बाजूला आहेत, तर तो म्हणाला मग सिन्नर घे. नाही घेतलं. खरं कारण भावनिक वगैरे नाही, तोवर हाताखालचे सरदार मर्यादेपेक्षा जास्त झाले होते, लाहोरवाले रोज गट करून धमकी द्यायचे आणि खजिना रिकामा. म्हणजे गवताने नाही अडवलं पण भाऊबंदांनी अडवलंच.

शिकायला अवघड आहे का? हो. पण वाटतो तेवढा नाही, प्रत्येक शब्दावर माऊस नेला की चौकट उघडते, चौकटीतल्या शब्दावर नेला की अजून एक उघडते, असं खोल खोल जाता येतं, ही सोय बाकीच्या गेमवाल्यांनी उचलायला हवी. ट्युटोरियल आयर्लंडमध्ये आहे, एक लहानसा राजा देतात, कंटाळा न करता ते पूर्ण करा आणि मगच मोठ्या राज्यांकडे वळा, सेल्जुक पहिल्याच दिवशी घेतलेत तर एवढे सरदार आणि एवढ्या नोटिफिकेशन येतात की गेम डिलीट कराल. मराठी, हिंदी काही नाही, इंग्रजी वाचायची तयारी हवी आणि वाचायला प्रचंड आहे. नकाशा झूम आउट केला की जुन्या कागदी नकाशासारखा होतो, तो मला नुसता बघत बसायला आवडतो. म्युझिक चांगलं आहे, मी बंद करून नाट्यगीतं लावतो तो भाग वेगळा.

पैशाचं म्हणाल तर बेस गेम सेलमध्ये घ्या, सगळी एक्सपान्शन एकदम घ्यायच्या भानगडीत पडू नका, बिल बघून घरचे विचारतील. सेल्जुक खेळायचे असतील तर सुरुवातीला एकही नाही घेतलं तरी चालतं. दोन संस्कृती मिसळून नवी बनवायची हौस असेल, म्हणजे तुर्की-पंजाबी वगैरे, तर दरबारवालं, २०२२ च्या फेब्रुवारीतलं घ्या. इराणवालं (नोव्हेंबर २०२३) चांगलं आहे पण त्याची मुख्य मजा ८६७ च्या सुरुवातीला आहे, तेव्हा सेल्जुक अजून नकाशावर यायचेत. स्टेपवालं घेतलंत तर सेल्जुकांपेक्षा त्यांच्या मागे राहिलेल्या ओघुझ टोळ्या घ्या, ज्यांनी पुढे ११५३ मध्ये त्याच संजरला पकडून कैदेत ठेवला, कळपाचं सगळं गणित तिथे कळतं.

रेटिंग लागतंच म्हणून, दहापैकी आठ. भाऊबंदकीला दहा, मेंढ्यांना तीन, सरासरी तुम्ही काढू नका, माझी मी काढलीये. आता कावुर्तला घेऊन बसणारे, केरमानमधून समुद्र ओलांडून ओमानला जायचंय, तो खरा कावुर्त खरंच गेला होता तिकडे.